उच्च सुरक्षेच्या कुलपाची नवी चावी अडकते तेव्हा : दारापासून कार्डापर्यंतच्या तपासण्या

मुख्य दाराला युरो प्रोफाइलचे सिलिंडर, म्हणजे कुलपाचा चावी घालायचा, वेगळा काढता येणारा भाग, त्याला बारीक खड्डे पाडलेली डिंपलची चावी आणि नवी चावी करून घेताना दाखवायचे, पाकिटात सोबत आलेले एक प्लास्टिकचे कार्ड, अशी कुलपे आता शहरांतल्या फ्लॅटांत आणि लहान कार्यालयांत सर्रास दिसतात. त्यांच्या दुरुस्तीला बोलावणे आले की बहुधा एकच तक्रार ऐकू येते : जास्तीची चावी करून घेतली आणि तेव्हापासून कुलूप बिघडले. प्रत्यक्षात कुलूप क्वचितच बिघडलेले असते. दोष दारात असतो, चावीत असतो किंवा कपाटात कोठेतरी हरवलेल्या त्या कार्डात असतो. सिलिंडरवर संशय घेण्याची पाळी सर्वांत शेवटी येते. खालच्या तपासण्या म्हणूनच फुकट होणाऱ्या कामापासून सुरू होतात आणि खर्चाच्या कामाशी संपतात. क्रम मोडू नये, कारण आधीची तपासणी गाळून पुढची केली तर निष्कर्ष चुकतो आणि चांगले सिलिंडर उगाच बदलले जाते.

लक्षणे

यांपैकी काय घडते आहे ते आधी कागदावर लिहावे. "चावी लागत नाही" एवढ्यावरून दुरुस्ती करणाऱ्याला काहीच कळत नाही.

– मूळ चावीने कुलूप सुरळीत उघडते, नव्या चावीने अडते किंवा मुळीच फिरत नाही.
– नवी चावी पूर्ण आत जाते, पण केसभर मागे ओढल्याशिवाय फिरत नाही.
– चावी एका बाजूने चालते, उलटी करून घातली की चालत नाही.
– चावी आतल्या बाजूने चालते, बाहेरून आत शिरतच नाही.
– दार उघडे असताना चावी सहज फिरते, दार लावले की मनगटाला जोर द्यावा लागतो.
– चावी फिरते, पण बाहेर निघत नाही.
– घराचे काम चालू असताना वापरलेली एखादी चावी अचानक बंद पडली, बाकीच्या मात्र चालतात.
– नवी चावी काही महिने चालली आणि आता मूळ चावीही अडखळू लागली आहे.

आणखी एक लक्षण आहे, ते तक्रार म्हणून कोणी सांगत नाही. या दाराच्या एकूण चाव्या किती आणि त्या कोणाकोणाकडे आहेत, असे विचारले की घरातली दोन माणसे दोन वेगळी उत्तरे देतात. चावी अडकण्यापेक्षा हे लक्षण मला अधिक गंभीर वाटते. अडकणारी चावी निदान आपले अस्तित्व जाणवून देते, आणि विसरलेली चावी कोणाच्या तरी खिशात व्यवस्थित चालत असते.

दार उघडे ठेवून चावी फिरवा

दार सताड उघडे ठेवावे आणि मूळ चावीने बोल्ट, म्हणजे चौकटीत शिरणारा दांडा, पूर्ण बाहेर काढून पुन्हा आत घ्यावा. नंतर नव्या चावीने तेच करावे. उघड्या दारात दोन्ही चाव्या चालत असतील, तर कुलूप आणि चावी दोन्ही निर्दोष आहेत आणि अडचण बोल्ट व चौकटीवरची स्ट्रायकर प्लेट यांच्या जुळणीत आहे. पावसाळ्यात लाकडी दार फुगते, वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार कडेला लोंबते आणि बोल्ट प्लेटच्या भोकात न शिरता तिच्या काठावर आदळतो. बोल्टच्या टोकाला खडू चोळून दार लावले आणि बोल्ट फिरवला की प्लेटवर खूण उमटते आणि बोल्ट कोठे घासतो ते दिसते. बिजागरीचे स्क्रू आवळणे किंवा प्लेटचे भोक कानशीने थोडे मोठे करणे एवढ्यावर काम भागते.

ही तपासणी पहिली ठेवण्याचे कारण केवळ खर्च नाही. दारातल्या दोषामुळे माणूस चावीवर जोर देतो, चावी मानेपाशी पिळली जाते आणि वाकलेल्या चावीने मग उघड्या दारातही कुलूप अडू लागते. मूळ दोष एक असतो, आणि आठवडाभरात त्याचे दोन होतात. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या तक्रारींत या प्रकारच्या तक्रारी फार असतात.

पलीकडच्या बाजूला चावी आहे का

दोन्ही बाजूंनी चावी लागणाऱ्या सिलिंडरमध्ये मधला कॅम, म्हणजे चावीबरोबर फिरून बोल्ट सरकवणारा भाग, एकच असतो आणि आतल्या व बाहेरच्या भागाला तो आळीपाळीने जोडला जातो. आतून चावी तशीच अडकवून ठेवली असेल, तर साध्या सिलिंडरमध्ये बाहेरची चावी पूर्ण आत जात नाही किंवा गेली तरी फिरत नाही. ज्या सिलिंडरला आणीबाणीची सोय म्हणजे दुहेरी क्लच असतो, त्यात ही अडचण येत नाही. घरात एकटे राहणारे वृद्ध असतील तर ही सोय असलेलेच सिलिंडर घ्यावे, कारण आजी आतून चावी लावून झोपल्या आणि बाहेर मुलगा उभा, या प्रसंगात दार फोडण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

याच टप्प्यावर कन्स्ट्रक्शन चावीचा उलगडा करून घ्यावा. काही कुलपांसोबत सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी एक तात्पुरती चावी मिळते. मालकाची मुख्य चावी पहिल्यांदा कुलपात फिरली की आतल्या पिनांची, म्हणजे चावीने उचलल्या जाणाऱ्या बारीक खिट्ट्यांची, रचना कायमची बदलते आणि तात्पुरती चावी निकामी होते. हा बिघाड नव्हे, कुलपाने आपले काम चोख केले. तात्पुरती चावी बंद पडल्यावर तिची दुरुस्ती करू पाहणारी मंडळी भेटतात, म्हणून हे लिहिले.

मूळ चावी आणि नवी चावी शेजारी ठेवा

चांगल्या उजेडात, शक्य तर भिंगाखाली, दोन्ही चाव्या एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. आधी मूळ कोणती ते ठरवावे. मूळ चावीवर कंपनीचे नाव व बहुधा अनुक्रमांक असतो, खड्ड्यांच्या कडा गुळगुळीत असतात आणि पात्याची जाडी सर्वत्र सारखी असते. बाजारात केलेल्या चावीच्या खड्ड्यांत कटरच्या गोल रेषा दिसतात, कडांना धातूची बारीक धार राहिलेली असते आणि ती नखाला लागते. ही धार पिनांवर घासते, तिचा कीस सिलिंडरमध्ये जमतो आणि काही महिन्यांनी मूळ चावीही अडखळू लागते. वरच्या यादीतल्या शेवटच्या लक्षणाचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

पिना असलेल्या कुलपात उंचीच्या दोन पायऱ्यांमधले अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. श्लेज या अमेरिकी कंपनीच्या प्रसिद्ध मापात ते इंचाचा पंधरा हजारांश भाग, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर आहे. चावीवाल्याचे यंत्र मूळ चावीवर एक सुई फिरवून तोच आकार कटरने उतरवते. सुई आणि कटर यांची जुळणी किंचित हलली असेल, तर प्रत्येक खड्डा तेवढाच चुकतो. झिजलेल्या चावीवरून नक्कल केली, तर झीजही नकलेत उतरते, आणि त्या नकलेवरून पुढची नक्कल केली तर चूक वाढत जाते. मागे ओढल्यावरच फिरणारी चावी बहुतेक अशी असते : खड्ड्यांची खोली बरोबर, पण सगळे खड्डे पुढे किंवा मागे सरकलेले. एकाच बाजूने चालणाऱ्या चावीच्या दुसऱ्या पृष्ठभागावर एखादा खड्डा उथळ पडलेला असतो किंवा पाडायचाच राहिलेला असतो.

यापुढे प्रश्न कुलपाच्या जातीचा येतो, आणि तेथे चावीवाल्याच्या हातचे काही उरत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील सेलम येथे १९६८ साली सुरू झालेल्या मेडेकोच्या कुलपात पिना नुसत्या उचलल्या जाऊन भागत नाही, त्या ठरावीक कोनात वळाव्याही लागतात. त्यामुळे चावीची खाच तिरकी कापलेली असते आणि सरळ कापणाऱ्या यंत्राला तो कोन उतरवता येत नाही. इस्रायलच्या मल-टी-लॉकच्या कुलपात पिनेच्या आत दुसरी पिन असते, म्हणून एकाच खड्ड्यात खोलीचे दोन टप्पे असतात, आणि काही मालिकांत तर चावीच्या पात्यातच एक हलणारा छोटा भाग बसवलेला असतो. हा भाग नसलेली नक्कल दिसायला कितीही हुबेहूब असली तरी फिरणार नाही. फिनलंडच्या अब्लॉयची परंपरा १९०७ पासूनची. त्या कुलपात स्प्रिंगच्या पिना नसून फिरणाऱ्या चकत्या असतात आणि चावीच्या कापांचे कोन मोजावे लागतात.

आपली चावी या वर्गातली असेल आणि नक्कल कोपऱ्यावरच्या टपरीत झाली असेल, तर तपासणी येथेच थांबवून नवी चावी बाजूला काढावी. कानशीने घासून ती "बसवण्याचा" प्रयत्न करू नये. चुकीची चावी जोराने फिरवल्यावर तिचे टोक आत तुटले, की काम वेगळ्याच खर्चाचे होते.

सफाई आणि वंगण

येथे सर्वांत जास्त नुकसान सदिच्छेने होते. खोबरेल तेल, शिलाईयंत्राचे तेल, दिव्यातले उरलेले तेल, जे हाताशी असेल ते कुलपात सोडले जाते. दोन दिवस चावी छान फिरते, मग तेल धूळ धरते आणि पिनांभोवती चिकट लगदा तयार होतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या दमट हवेने आतल्या पोलादी स्प्रिंगा गंजतात, त्यात हा लगदा मिसळला की पिन वर गेली तर खाली येत नाही आणि चावी फिरूनही बाहेर निघत नाही.

आधी चावी कोरड्या कापडाने पुसावी, खड्डे जुन्या टूथब्रशने साफ करावेत, आणि कुलपाच्या तोंडात हवेचा फवारा मारावा. त्यानंतर पिनांच्या सिलिंडरला ग्राफाइटची पूड किंवा टेफ्लॉनचे कोरडे वंगण, तेही अगदी थोडे, चावीवर घेऊन आत-बाहेर करावे. आधी तेल घातलेले असेल तर त्यावर ग्राफाइट टाकू नये, दोन्ही मिळून काळी पेस्ट होते. चकत्यांच्या कुलपाला ग्राफाइट चालत नाही, त्याला उत्पादकाने सांगितलेले हलके तेलच लागते. पाकिटातला माहितीपत्रकाचा कागद एवढ्यासाठी तरी वाचावा.

मधला एक स्क्रू

दाराच्या जाडीत, कुलपाच्या पट्टीवर, सिलिंडरला धरून ठेवणारा ५ मिलिमीटर आट्याचा एक लांब स्क्रू असतो. रंगकाम किंवा पॉलिश झाल्यावर सुतार तो हाताला लागेल तितका आवळून टाकतात. युरो सिलिंडर नेमके या स्क्रूपाशी सर्वांत अरुंद असते, त्यामुळे जास्त आवळल्यावर ते किंचित वाकते आणि चावी घट्ट फिरू लागते. दार उघडे ठेवून हा स्क्रू अर्धा फेरा सैल करावा आणि चावी फिरवून पाहावी. फरक पडला तर स्क्रू हलक्या हाताने, सिलिंडर हलणार नाही एवढाच आवळावा. फरक पडला नाही तर स्क्रू होता तसा करून पुढे जावे.

जाता जाता बाहेरची बाजूही पाहावी. सिलिंडर दाराच्या पट्टीबाहेर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावत असेल, तर ते पकडीत धरून याच अरुंद जागी मोडता येते, मग त्याची चावी करून मिळणे कितीही अवघड असो.

कार्ड कोठे आहे

एवढे करूनही मूळ चावी चालते आणि नवी चालत नाही, असेच चित्र राहिले, तर खरा प्रश्न असा आहे की नवी चावी रीतसर का करून घेतली नाही. उत्तर बहुधा कार्ड सापडले नाही, एवढेच असते. या तपासणीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण वरचे सगळे दोष दुरुस्त होतात आणि हा एक पुन्हा पुन्हा उलटतो.

कुलपाच्या तोंडाशी जी वेडीवाकडी फट दिसते ती कीवे. चावीच्या अंगावर लांबीने गेलेल्या खाचा त्या फटीशी जुळल्या तरच चावी आत शिरते. साध्या कुलपांच्या ब्लँक, म्हणजे कापायच्या आधीच्या कोऱ्या चाव्या, कोणत्याही चावीवाल्याच्या फळीवर लटकत असतात. रिस्ट्रिक्टेड, म्हणजे राखीव, कीवे असलेल्या कुलपाची ब्लँक उत्पादक उघड्या बाजारात विकत नाही. ती फक्त करार केलेल्या विक्रेत्याला मिळते, आणि विक्रेत्याने कार्ड व ओळख पाहिल्याखेरीज ती कापायची नसते.

या बंदोबस्ताला तीन आधार असतात आणि तिन्हींची ताकद सारखी नसते. पहिला आधार कराराचा : विक्रेत्याने शब्द पाळला तोवरच तो टिकतो. दुसरा कायद्याचा. भारतात पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षे आहे आणि नोंदणीकृत डिझाइनला १० वर्षे, वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. पेटंट देशापुरते असते, त्यामुळे युरोपातले किंवा अमेरिकेतले पेटंट भारतात आपोआप लागू होत नाही. मुदत संपली की इतर ब्लँक उत्पादक तोच आकार उघडपणे बनवू शकतात, आणि "पेटंटेड की" असे खोक्यावर छापलेल्या कुलपाची चावी मग टपरीवरही होते. म्हणून खरेदीच्या वेळी दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत : पेटंट कोणत्या वर्षी संपते, आणि ते भारतात नोंदलेले आहे का. उत्तर गुळमुळीत आले तर राखीवपणाचे जास्तीचे पैसे देऊ नयेत. तिसरा आधार यंत्ररचनेचा आहे. चावीतला हलणारा भाग किंवा तिरका काप साध्या यंत्रावर होत नाही, आणि पेटंट संपल्यावरही हा अडथळा काही काळ उपयोगी पडतो.

चावीवर नुसते "डू नॉट डुप्लिकेट" कोरलेले असणे या तिन्हींत बसत नाही. ती केवळ विनंती आहे. अमेरिकेतील कुलूपकारांची संघटना अलोआ हिनेही हा शिक्का फसव्या सुरक्षिततेची भावना देतो अशीच भूमिका घेतलेली आहे. तसेच कीवे राखीव असणे आणि कुलूप फोडायला अवघड असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सिलिंडरसाठीच्या ईएन १३०३ या युरोपीय मानकात आठ स्थानांचा संकेत असतो, त्यातले सातवे स्थान चावीशी संबंधित सुरक्षेचे आणि आठवे हल्ल्याला टिकण्याचे. सातव्या स्थानी ६ ही सर्वोच्च श्रेणी असेल तर किमान १ लाख वेगवेगळ्या चाव्या शक्य असाव्या लागतात, श्रेणी १ ला १०० पुरतात. कीवे किती वर्षे राखीव राहणार हे मात्र या आकड्यांवरून कळत नाही.

कार्ड सापडले, तर पुढचे काम सोपे आहे. अधिकृत विक्रेता कार्डावरच्या संकेतावरून अस्सल ब्लँक कापून देतो किंवा उत्पादकाकडून मागवतो. अशी चावी जुन्या चावीवरून उतरवलेली नसते, तर मूळ मापावरून नव्याने कापलेली असते, म्हणून तिच्यात झीज येत नाही. तिला वेळ जास्त लागतो आणि पैसेही. तेवढा धीर नसल्यामुळेच लोक टपरी गाठतात.

कार्ड सापडले नाही, तर विक्रेत्याकडे मूळ खरेदीची पावती नेऊन विचारावे. काही उत्पादक कागदपत्रांवर नवे कार्ड देतात, काही मुळीच देत नाहीत. जे देत नाहीत त्यांच्यावर चिडू नये. कोणीही येऊन "कार्ड हरवले" म्हटल्यावर चावी मिळत असती, तर कुलपासाठी मोजलेले पैसे वाया गेले असते.

कार्ड जपण्याविषयी एक गोष्ट. काही कार्डांवर चावीचा संकेत उघड छापलेला किंवा खरवडून दिसणारा असतो. अशा कार्डाचे छायाचित्र म्हणजे चावीच. हीच गोष्ट चावीच्या छायाचित्राची. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दुरून काढलेल्या छायाचित्रावरून साध्या चावीचे काप वाचून दाखवले. विमानप्रवासाच्या सामानाच्या कुलपांसाठी अमेरिकी सुरक्षा यंत्रणा ज्या मास्टर चाव्या वापरते, त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि २०१५ मध्ये त्यांच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या फायली इंटरनेटवर आल्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या दोन विद्यार्थ्यांनी २०१३ च्या डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेत तर राखीव कीवेची चावीही प्रिंटरवर निघू शकते हे दाखवले. तेव्हा लिफ्टमध्ये चावी सापडली म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर तिचे ठळक छायाचित्र टाकणारे शेजारी भले असतात, पण त्यांनी चावी पहारेकऱ्याकडे ठेवून "एक चावी सापडली आहे, वर्णन सांगून न्यावी" एवढेच लिहावे.

चाव्या मोजा

कुलूप आता चालू झाले असले, तरी ही तपासणी सोडू नये. साध्या कुलपाच्या चाव्या मोजण्याला फारसा अर्थ नसतो, कारण मोजलेल्या चार चाव्यांखेरीज बाहेर किती नकला आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. राखीव कीवेचे कुलूप घेण्याचा सारा उद्देशच हा आहे की मोजणीला अर्थ यावा. पाकिटात पाच चाव्या आल्या, कार्डावर आणखी एक करून घेतली, तर जगात सहाच चाव्या आहेत, आणि हातात पाच असतील तर नेमकी एक बाहेर आहे. वही ठेवली नाही, तर हा फायदा मिळत नाही आणि महागडे कुलूप साध्या कुलपाएवढेच उपयोगी राहते.

वहीत चावीचा क्रमांक, घेणाऱ्याचे नाव, दिल्याची तारीख, सही आणि परत आल्याची तारीख एवढे पुरे. चावीवर फ्लॅटचा क्रमांक किंवा पत्ता कधीही चिकटवू नये, वहीत जुळेल असा स्वतःचा क्रमांक घालावा. घरकामाच्या मावशी, ड्रायव्हर, दलाल, रंगारी, शेजारच्या काकू, गावी राहणारे भाऊ : या क्रमाने आठवत गेले की विसरलेली चावी बहुधा सापडते. भाड्याने दिलेल्या घरात ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारनाम्यात किती चाव्या दिल्या ते क्रमांकांसह लिहावे आणि घर सोडताना तेवढ्या मोजून घ्याव्यात. कार्ड मात्र भाडेकरूला देऊ नये. सोसायटीच्या कार्यालयात एक चावी ठेवायची असेल तर ती लिफाफ्यात बंद करून, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करून द्यावी, म्हणजे लिफाफा उघडला गेला का हे पाहता येते.

चावी खरोखरच हरवली असेल तर काय करावे, याचे चांगले उदाहरण बँकांच्या लॉकरचे आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिलेल्या लॉकरविषयीच्या निर्देशांनुसार लॉकरच्या चाव्यांवर बँक किंवा शाखेची ओळख पटवणारा संकेत कोरलेला असावा लागतो, आणि ग्राहकाने चावी हरवली तर लॉकर उघडण्याचा, कुलूप बदलण्याचा आणि नव्या चावीचा खर्च त्याच्याकडून घेता येतो. चावीची नक्कल करून वेळ निभावली जात नाही, कुलूपच बदलले जाते. घरालाही हाच नियम लावावा. हरवलेल्या चावीसोबत पत्ता सांगणारी एखादी वस्तू, म्हणजे पाकीट, बिल किंवा गाडीचे कागद गेले असतील, तर त्याच दिवशी सिलिंडर बदलावे. चावी कोठे पडली हे माहीत नाही आणि तिच्यावर काही लिहिलेले नाही, तर एक-दोन दिवस शोध घेण्यास हरकत नाही, त्यापुढे नाही.

सिलिंडर बदलणे

एकट्या दाराचे साधे युरो सिलिंडर सुजाण माणूस स्वतः बदलू शकतो. मधल्या स्क्रूच्या केंद्रापासून दोन्ही टोकांपर्यंतची लांबी वेगवेगळी मोजावी, कारण ३०-४० आणि ३५-३५ या मापांची एकूण लांबी सारखी असली तरी एकाच्या जागी दुसरे बसत नाही. दार उघडे ठेवून स्क्रू पूर्ण काढावा, चावी घालून थोडी फिरवावी, म्हणजे कॅम सिलिंडरच्या अंगाशी सरळ येतो, आणि सिलिंडर बाहेर ओढावे. नवे बसवल्यावर सर्व चाव्या दोन्ही बाजूंनी, उलट-सुलट, आधी उघड्या दारात आणि नंतर लावलेल्या दारात फिरवून पाहाव्यात. त्यापैकी एक चावी न वापरता कार्डाबरोबर बंद करून ठेवावी. पुढे तुलना करायची वेळ आली, तर न झिजलेली चावी हाताशी लागते.

येथे हात थांबवावा

पुढील परिस्थितीत स्वतः काहीही करू नये. चावीचा तुकडा आत अडकला असेल, तर चिमटा, सुई किंवा फेव्हिक्विक यांपैकी काहीही आत घालू नये. टोक अजून बाहेर दिसत असेल तर जाणकार माणूस ते दहा मिनिटांत काढतो, सरस आत गेल्यावर सिलिंडर फेकावेच लागते. चावी गोल गोल फिरते आणि बोल्ट हलत नाही, याचा अर्थ कॅम किंवा क्लच तुटला आहे. दार तेव्हा बंद असेल तर ओढून उघडू नये. सिलिंडरच्या तोंडाशी ताजे ओरखडे, पट्टी वाकल्याच्या खुणा किंवा कीवेत परक्या धातूचा कीस दिसला, तर काही न पुसता आधी पोलिसांना कळवावे आणि मग कुलूपवाल्याला.

सोसायटी किंवा कार्यालयाचे सिलिंडर मास्टर चावीच्या रचनेत असेल, तरीही थांबावे. अशा सिलिंडरमध्ये एकाच दाराला स्वतःची आणि मास्टर अशा किमान दोन चाव्या लागाव्यात म्हणून पिनांत जादा तुकडे असतात. दुकानातून दुसरे सिलिंडर आणून बसवले की ते दार रचनेतून बाहेर पडते, आणि आग लागल्यावर पहारेकऱ्याच्या मास्टर चावीने ते उघडत नाही. मास्टर चावीच हरवली असेल, तर निर्णय एका दाराचा नसून सगळ्या इमारतीचा असतो आणि तो व्यवस्थापक समितीने रचना बसवणाऱ्यासोबत बसून घ्यावा. आणीबाणीच्या दारांची पॅनिक बार, म्हणजे ढकलताच दार उघडणारी आडवी पट्टी, तिजोऱ्या आणि बँकेचे लॉकर यांना तर स्क्रूड्रायव्हर लावूच नये.

कुलूपवाल्याला बोलावताना लक्षणांचा तो कागद, दोन्ही बाजूंची मापे, दाराची जाडी, खरेदीची पावती आणि सिलिंडरच्या पुढच्या तोंडाचे छायाचित्र एवढे तयार ठेवावे. चावीचे किंवा कार्डाचे छायाचित्र कोणी आधी पाठवायला सांगितले तर नकार द्यावा. चावी प्रत्यक्ष आल्यावर दाखवावी, आणि तो काम करीत असेपर्यंत तेथेच उभे राहावे.